थोरल्या सिस्टरचा हातगुण

त्या दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर चांगल्या सहा-सात होत्या, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोघीच माहीत. एक थोरली, एक धाकटी. थोरली वयानं थोरली होतीच, अंगानंही होती. ती बोळातून येताना दिसली की समोरची ढकलगाडी आपसूक भिंतीला लागायची. आणि आवाज असा खणखणीत, की आतल्या बाईला "आता दम धर!" म्हणाली की बाहेर बाकावर बसलेला तिचा नवरासुद्धा श्वास रोखून धरायचा.

नाव नोंदवायला आलेल्या बायका तारखेचं नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "थोरल्या सिस्टरची ड्युटी कधी असते?" जणू काही कळा ड्युटीचा तक्ता बघून येतात.

कारण एकच. थोरलीच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. आडवी मुलं, पायाळू मुलं, जुळी, गळ्याला नाळेचा वेढा पडलेली, काय काय तिच्या हाताखालून सुखरूप बाहेर आलं होतं. तिच्या ड्युटीत आलेली आणि रिकाम्या हातांनी घरी गेलेली आई कुणाला आठवत नव्हती. एक आजी तर नातवंडाच्या अंगावरून थोरलीचा हात फिरवून घ्यायला म्हणून मुद्दाम बस बदलून आली होती.

तोंडावर कुणी काही म्हटलं की थोरली उडवून लावायची. "गुण कसला डोंबलाचा! साबणाचा गुण आहे तो. कोपरापर्यंत हात धुते मी."

ते खरंही होतं. ती कामाला वाघ होती. पोटावर तळवा ठेवण्याआधी हात चोळून गरम करायची. कळ येताना बाईच्या तोंडाकडे नाही, तिच्या पायांच्या बोटांकडे बघायची. बोटं कशी वळतात त्यावरून तिला अंदाज यायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. धाकटीला मात्र तिनं सगळं शिकवलं, रागावून, पुन्हा जवळ घेऊन. धाकटी पोरगी गुणाची पण धांदरट. हातात ताट दिलं की वाटी खाली पडणार, वाटी उचलायला वाकली की ताट.

पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी थोरलीचाही त्या हातगुणावर विश्वास बसला होता. माणूस स्वतःबद्दल चांगलं ऐकताना फारसे पुरावे मागत नाही. शिवाय घरात तर एक पुरावा हिंडत-फिरत होता. तिच्या भावाची मुलगी. ही भाची जन्मली तेव्हा गळ्याला नाळेचे दोन वेढे होते आणि पोरगी निळी पडली होती. थोरली तेव्हा नोकरीत नवीनच. तिनं ते वेढे बोटानं सोडवले, पोरीला पालथी धरून पाठ चोळली, आणि पोरगी जी रडली ती मोठेपणीही गप्प बसायची नाही. थोरलीचा स्वतःचा मुलगा लांब नोकरीला. त्यामुळे घरात सगळा वावर या भाचीचा. आणि आता भाचीलाच दिवस गेले होते. तिचं बाळंतपण आत्याच्या हातून होणार, हे कुणी ठरवलंही नव्हतं. ठरवायचं काय त्यात?

अशात ते तीन प्रसंग झाले.

पहिली बाई दुसऱ्या खेपेची. कळा येत असतानाही थट्टा करणारी, आरसा मागणारी. "बाळानं पहिल्यांदा बघावं आणि घाबरावं असं नको," म्हणाली. पाण्याची पिशवी फुटली आणि पाण्याबरोबर नाळच खाली आली. थोरलीला त्या क्षणी काय करायचं ते माहीत होतं आणि तिनं तेच केलं. हात आत घालून बाळाचं डोकं वर तोलून धरलं, तशीच ढकलगाडीवर गुडघे टेकून चढली, आणि बाकीच्यांनी बाईसकट तिला पळवत ऑपरेशनला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडेपर्यंत तिनं हात हलवला नाही. खांदा बधिर झाला होता. बाळ बाहेर आलं ते गेलेलं.

अशी वेळ कधी ना कधी येते, असं सगळ्यांनी म्हटलं. थोरलीनंही स्वतःला सांगितलं.

मग थोड्याच दिवसांत दुसरी. कोवळी, पहिलटकरीण. मूल ठणठणीत झालं, पण वार पडल्यावर रक्त थांबेना. औषधं झाली, थोरलीनं दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं, रक्ताच्या पिशव्या चढल्या. शेवटी जीव वाचवायला गर्भाशयच काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्या मुलीनं विचारलं, "पुढच्या वेळेला तरी असं होणार नाही ना?" आणि तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तिसऱ्या बाईला आत घेताना थोरलीनं पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकले. एकदा, पुन्हा एकदा. घोडं दौडावं तसे स्वच्छ ठोके. ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला बघायला वळली. परत आली तर हिचं पोट लाकडासारखं घट्ट झालेलं, कळ सोडायलाच तयार नाही, आणि नळीत काही नाही. बाळाच्या आधी वार सुटली होती आतल्या आत. सगळे धावले. काही उरलं नव्हतं.

तिन्ही वेळा थोरलीची ड्युटी.

दवाखान्यात चौकशी बसली. बाहेरून दोन डॉक्टर आले, सगळे कागद बघितले, सगळ्यांना विचारलं. मग मोठ्या डॉक्टरांनी थोरलीला खोलीत बोलावलं आणि खुर्ची पुढे केली.

"तुमच्याकडून काहीही कसूर नाही, सिस्टर. बोट ठेवायला जागा नाही."

"नीट बघितलं का पण?" थोरलीनं विचारलं.

"अगदी नीट."

"पुन्हा एकदा बघा ना. तिसऱ्या बाईच्या वेळी मी शेजारच्या खाटेकडे गेले होते."

"तुम्ही तिथे उभ्या असतात तरी काही करता आलं नसतं."

"मग पहिलीच्या वेळी? हात घालायला उशीर केला असेल मी."

"नाही केलात." डॉक्टरांनी चष्मा काढला. "सिस्टर, तुमची चूक नाही हे मी सांगतोय, आणि तुम्ही माझ्याशी वाद घालताय."

दुसरी कुणी असती तर तिच्या जिवात जीव आला असता. थोरलीच्या पायाखालची फरशी निघाली. चूक सापडली असती तर ती चूक तिनं पुन्हा जन्मात केली नसती. दहा वेळा घोकली असती, धाकटीला बजावली असती. आता उद्या सकाळी कामावर जाऊन वेगळं करायचं काय? जे केलं तेच? तेच करून तर हे झालं होतं.

नवरा शिंपी होता. घराच्या खालीच दुकान. संध्याकाळी ती त्याच्या मशीनशेजारी स्टुलावर जाऊन बसली. तो एका बाहीची शिवण उसवत होता.

"काय झालं हिला?" तिनं विचारलं.

"माझंच चुकलं. उजवी बाही डाव्या बाजूला लावली."

"बघ, तुला कळतं तरी."

त्यानं ब्लेड बाजूला ठेवलं. बोलण्यात तो फार हुशार नव्हता, पण बायकोचा चेहरा त्याला वाचता येत होता. "अगं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते कधी कधी. तू कावळा. फांदी आधीच मोडायला झाली होती."

"तीन फांद्या?"

"मोडतात तीन कधी कधी."

"आणि लोकांना काय दिसतं? कावळाच दिसतो ना?"

शिंपी उठला. त्यानं तिला चहा करून दिला. साखर घालायला विसरला, आणि तिनंही ते सांगितलं नाही.

लोकांना कावळाच दिसला. बायका अजूनही नाव नोंदवताना विचारायच्या, "थोरल्या सिस्टरची ड्युटी कधी असते?" शब्द तेच, स्वर वेगळा. आता त्यांना ती वेळ चुकवायची होती. एका बाईची सासू कळा चांगल्या चालू असताना सुनेला व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावत होती, ड्युटी बदलेपर्यंत. थोरलीनं ते खिडकीतून पाहिलं. बाहेर जाऊन तिला आत आणायला हवं होतं. पण ती गेली नाही, धाकटीला पाठवलं.

वॉर्डात एक नवी डॉक्टरीण आली होती. तरुण, शांत, चहा थंड करून पिणारी. तिनं एकदा थोरलीला ड्युटीच्या खोलीत बसवलं.

"सिस्टर, मागच्या महिन्यात ओळीनं सात की आठ मुलीच झाल्या. आठवतं?"

"हो. सगळ्या आया म्हणत होत्या, मुलींची लाट आली म्हणून."

"आणली कुणी ती लाट?"

"कुणी आणणार? होतं असं."

"बरोबर. आता बघा, इतक्या वर्षांत, इतक्या दवाखान्यांत, इतक्या सिस्टर. त्यातल्या कुणाच्या तरी वाट्याला तीन वाईट प्रसंग लागोपाठ येणारच. कुणाच्या येतील ते आधी सांगता येत नाही, पण कुणाच्या तरी येणार हे नक्की. या वेळी तुमच्या आले. यात तुमच्या हातांचा काही संबंध नाही."

थोरलीला ते पटलं. खरोखर पटलं, आणि क्षणभर छातीवरचा दगड हलल्यासारखंही झालं. मग तिच्या मनात दुसरी गोष्ट आली आणि तिनं ती विचारली.

"मग आधीची सगळी वर्षं?"

"म्हणजे?"

"इतकी वर्षं माझ्या हातून काही वाईट झालं नाही. कुणाच्या तरी वाट्याला तसं येणारच होतं, ते माझ्या आलं. तेही असंच का? त्यातही माझ्या हातांचा संबंध नाही?"

डॉक्टरीण गडबडली. "तसं नाही. तुमचं कसब आहेच. तुम्ही हात धुता, तुम्हाला आधी कळतं, तुम्ही घाबरत नाही. त्यानं कितीतरी जीव वाचले असतील."

"असतील म्हणजे किती? कोणते?"

"ते कसं सांगणार, सिस्टर? कुठलं मूल तुमच्यामुळे वाचलं आणि कुठलं तसंही वाचणारच होतं, हे कुणालाच वेगळं काढता येत नाही."

"माझ्या भाचीच्या गळ्याचे वेढे मी सोडवले," थोरली म्हणाली.

डॉक्टरीण चांगली होती. तिनं लगेच मान डोलवायला हवी होती, पण ती खोटं बोलणारी नव्हती. ती म्हणाली, "नाळेचे वेढे पुष्कळ मुलांना असतात. बरीचशी आपली आपण नीट होतात." आणि मग थोरलीच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं, "पण तुम्ही सोडवलेत, हे चांगलंच केलंत."

थोरली उठली. कप विसळून पालथा घातला. तिला राग आला नव्हता. डॉक्टरीण तिला सोडवायला आली होती, आणि ज्या दारानं वाईट बाहेर गेलं त्याच दारानं चांगलंही निघून गेलं होतं.

त्यानंतर तिचे हात अडखळू लागले. पूर्वी पोटावर तळवा ठेवला की हात सांगायचा आणि ती ऐकायची. आता हातानं सांगितलं तरी ती पुन्हा विचारायची. ठोके एकदा ऐकून भागेना. खाटेपासून चार पावलं गेली की परत फिरायची. साध्या-सरळ बाळंतपणालाही डॉक्टरांना हाक मारायची. डॉक्टर यायचे, बघायचे, परत जायचे. धाकटीनं एकदा धीर करून म्हटलं, "ताई, तुम्ही मला असं करू द्यायच्या नाहीत."

"माहीत आहे गं," थोरली म्हणाली. "चूक नव्हती तेव्हा सगळं झालं. आता खरंच चुकायला लागेन बघ."

भाचीचे दिवस भरत आले. थोरली रोज तिच्याकडे जाऊन पाय चेपून द्यायची. एके दिवशी वहिनी दारातच भेटली आणि उगाच इकडचं तिकडचं बोलू लागली. पडदे धुवायचेत, पाणी आज कमीच आलं. थोरलीला कळलं, आत काहीतरी शिजलंय.

"वहिनी, काय ते बोल."

"मी नाही हो वन्सं. तीच बोलेल." आणि वहिनी स्वयंपाकघरात शिरली, ती बाहेर आलीच नाही.

भाची खाटेवर उशीला टेकून बसली होती. आत्याला पाहताच तिचे डोळे भरले. थोरलीनं तिचे पाय मांडीवर घेतले.

"आत्या, राग मानणार नाहीस ना?"

"तू बोल तरी."

"त्या दिवशी तू आत नको येऊस." भाचीनं एका दमात सांगून टाकलं. "मला माहीत आहे तुझं काही चुकलेलं नाही. बाबा रोज सांगतात, हेही सांगतात. मलाही पटतं. पण आत्या, मला भीती वाटते. पटतं तरी वाटते. तू बाहेर बसशील ना? लांब नाही, दाराशीच बस."

थोरली तिचे पाय चेपत राहिली. घोट्यांना सूज होती. अंगठ्यानं दाबलं की खळी पडत होती. तिला बोलायला खूप सुचत होतं. कावळा आणि फांदी सांगता आलं असतं, मुलींची लाट सांगता आली असती. पण तिनं मनाशीच विचार केला, मी हिच्या जागी असते तर? आणि तिला कळलं, तीही हेच म्हणाली असती.

"बसेन," ती म्हणाली. "दाराशीच बसेन. बरं, मीठ कमी खा. सूज आहे."

कळा सकाळी सुरू झाल्या, आणि उन्हं चढायच्या सुमारास भाचीला आत घेतलं. धाकटीची ड्युटी होती. थोरली त्या दिवशी रजेवर. साध्या कपड्यांत बाकावर बसली होती, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला भाचीचा नवरा. इतकी वर्षं त्या दाराच्या आतून तिनं काढली होती. बाहेरच्या बाकाला पाठ टेकायला जागाच नाही, हे तिला आज कळलं.

नवरा बिचारा दर आवाजाला विचारायचा, "हे काय झालं?" आणि थोरली सांगायची. हे ताट ठेवलं. हे खाट वर केली. हे पाणी. दाराआडून तिला सगळं दिसत होतं म्हणा ना. आता डोकं आलं असणार. आता धाकटी म्हणेल, हळू, फुंकर घाल. धाकटी तसं म्हणालीही.

आणि मग जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. डोक्यानंतर खांदा यायला किती वेळ लागतो हे थोरलीच्या अंगात मुरलेलं होतं, आणि तो वेळ उलटून गेला. आत शांतता. धाकटीचा आवाज बदलला. "डॉक्टरांना बोलवा!" कुणीतरी धावलं. "पाय वर घ्या. आणखी वर, गुडघे पोटाशी!"

थोरली उभी राहिली. खांदा अडकला होता. हात दाराच्या मुठीवर गेला. आत काय करायचं हे तिच्या बोटांना पाठ होतं. मूठ नुसती फिरवायची होती. पण आपण आत गेलो तर काय होईल, बाळ सुटेल की आपण गेलो म्हणूनच सुटणार नाही, हे तिला सांगता येईना. आणि भाचीचं "नको येऊस" कानात होतं. वहिनी बाकावरून तिच्याकडे बघत होती. थोरलीला ते डोळे वाचता आले नाहीत. जा म्हणत होते की थांब?

ती तशीच उभी राहिली. मूठ फिरवली नाही आणि सोडलीही नाही.

मग बाळ रडलं.

वहिनीनं थोरलीला मिठी मारली. नवरा खाली फरशीवरच बसला. थोड्या वेळानं दार उघडून धाकटी बाहेर आली. केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत." मग ती थोरलीला बाजूला घेऊन कुजबुजली, "ताई, खांदा अडकला होता. तुम्ही शिकवलं तसंच केलं. पाय वर घेतले, नाही सुटला. वरून दाबलं, नाही सुटला. मग पुन्हा तेच केलं आणि एकदम सुटला. का सुटला ते कळलंच नाही हो मला."

"सुटला ना? बस," थोरली म्हणाली आणि तिच्या खांद्यावरून हात फिरवला.

पण तोवर बातमी व्हरांडाभर झाली होती. वहिनीनं धाकटीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि डोळ्यांना लावले. "पोरी, तुझ्या हाताला गुण आहे गं!" बाकावरच्या दुसऱ्या बायका माना वळवून बघू लागल्या. एकीनं तिथेच विचारलं, "हिची ड्युटी कधी असते?"

धाकटी लाजली. तिचा थकलेला चेहरा फुलला. थोरलीला वाटलं, आत्ताच पुढे व्हावं आणि सांगावं, हे घेऊ नकोस, हे ज्यानं दिलं तो परत मागायला येतो. पण त्या क्षणी असं बोलणं म्हणजे शाप दिल्यासारखं. आणि धाकटीनं तरी काय करायचं? नको म्हणून ते थांबणार होतं थोडंच? आत जाऊन थोरलीनं भाचीच्या कपाळावरून हात फिरवला. भाची म्हणाली, "आत्या, तू दाराशी होतीस ना?"

"होते."

पुढच्या महिन्यात तिनं स्वतःहून लसीच्या खोलीत बदली मागून घेतली. तिथे मुलं रडतात, आया समजूत घालतात, आणि बहुतेक सगळी हसत घरी जातात. काही महिने तिथे बरे गेले. मग वॉर्डात माणसं कमी पडली, दोन सिस्टर नोकरी सोडून गेल्या, आणि मोठ्या डॉक्टरांनी तिला पुन्हा बोलावलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. कसूर तर काही नव्हतीच तिच्या नावावर.

ती परत गेली. त्यानंतर तिच्या हातून बाळंतपणं झाली, पुष्कळ झाली, आणि चांगली झाली. हात हळूहळू अडखळायचे थांबले. पण आता मूल रडलं की तिला पूर्वीचा आनंद होत नसे. या खेपेला टळलं, एवढंच वाटे. नवी डॉक्टरीण एकदा म्हणाली, "बघा, सगळं पूर्वीसारखं झालं." थोरली म्हणाली, "हो," आणि हातमोजे काढू लागली. त्यातून काय सिद्ध होतं, हे तिनं विचारलं नाही. डॉक्टरीण खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं.

एका दुपारी थोरलीच्या हातून एका बाईचं जुळ्यांचं बाळंतपण झालं, दोन्ही मुलगे, दोन्ही धडधाकट. बाहेर नातेवाइकांची ही गर्दी. त्यांतला एक म्हातारा आनंदानं डोळे पुसत दाराशी आला.

"सिस्टर, आमच्या सुनेला मोकळं कुणी केलं? त्या हातांना एकदा नमस्कार करायचाय."

"ड्युटीवर होत्या त्यांनी," थोरली म्हणाली. "बाळांना बघायला इथे गर्दी करू नका, आजोबा. एकेकानं या."

मग ती आत वळली. खाटेवरची ओली चादर ओढून काढली, गादी पुसली आणि धुतलेली चादर झटकून अंथरली. बोळाच्या टोकाशी पुढची बाई भिंतीला धरून, दोन पावलं टाकत, थांबत, येत होती.